भुशाची वीज

भुशाची शेगडी आजच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेली नसेल, म्हणून आधी तिचे वर्णन करतो. पत्र्याचा एक डबा घ्यायचा. त्याच्या बुडाजवळ एका बाजूला मूठ जाईल एवढे भोक. डब्याच्या मध्यभागी एक बाटली उभी धरायची, भोकातून एक गोल लाकूड आत सरकवून बाटलीच्या बुडाला टेकवायचे आणि भोवतीने लाकडाचा भुसा घालून तो चांगला ठासून बसवायचा. मग बाटली आणि लाकूड अलगद फिरवत काढून घेतले, की भुशात काटकोनात वळलेला एक पोकळ मार्ग तयार होतो. खालच्या तोंडाशी कागदाचा काकडा पेटवला की भुसा आतून बाहेर असा संथपणे दोन-तीन तास जळत राहतो. आमच्या आजोळी आंघोळीचे पाणी अशाच शेगडीवर तापत असे.

भुसा येई तो जवळच्या लाकडाच्या वखारीतून, आणि तो फुकट मिळे. वखारवाला उलट ‘न्या, न्या’ म्हणे, कारण भुशाच्या ढिगामुळे त्याला ओंडके रचायला जागा उरत नसे. पुढे केव्हातरी त्याने पोत्यामागे पैसे मागायला सुरुवात केली. आजीला तो सरळसरळ अन्याय वाटला. “कचऱ्याचे कसले पैसे?” असे ती वखारीत जाऊन विचारून आली होती.

आजीचा हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. लाकडाच्या कचऱ्यापासून वीज तयार करण्याचा इतिहास चाळताना तो पुन्हा पुन्हा पुढे येतो. हा इतिहास बऱ्याच देशांत घडला आहे. आपण मुख्यतः अमेरिकेतील दोन गावांची हकिकत पाहू, कारण ती दोन गावे एकमेकांशेजारी ठेवली की प्रश्नाच्या दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात.

निम्मा ओंडका कुठे जातो?

ओंडका गोल असतो आणि फळी चौकोनी. विद्यार्थ्यांना वर्तुळात बसणारा मोठ्यात मोठा चौरस काढायला सांगितला, तर त्याचे क्षेत्रफळ वर्तुळाच्या सुमारे ६४ टक्के भरते. म्हणजे केवळ भूमितीपोटीच तिसऱ्या हिश्शाहून अधिक लाकूड कडेला पडते. बाजूच्या तुकड्यांतून लहान फळ्या आणि पट्ट्या निघतात हे खरे. पण करवतीच्या प्रत्येक फेऱ्यात पात्याच्या जाडीएवढ्या लाकडाचा भुसा होतो, शिवाय वरची साल आहेच. सगळा हिशेब करता लाकूड कापण्याच्या गिरणीत शिरलेल्या ओंडक्याचा साधारण अर्धा भागच फळी म्हणून बाहेर पडतो.

एकोणिसाव्या शतकात गिरण्यांमध्ये वाफेचे इंजिन आले तेव्हा या उरलेल्या निम्म्याचा प्रश्न थोडासा सुटला. बॉयलरखाली भुसा आणि साल जाळायची, त्या वाफेवर करवत फिरवायची. पण करवतीला लागणाऱ्या शक्तीपेक्षा कचरा कितीतरी जास्त होता. अमेरिकेच्या वायव्येस, ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत, विसाव्या शतकात प्रचंड गिरण्या उभ्या राहिल्या. तेथील देवदार आणि फर वृक्षांचे बुंधे माणसाच्या उंचीपेक्षाही जाड असत. कचऱ्याचे डोंगर साठू लागले. काही गिरण्या तो नदीत ढकलत. बाकीच्यांनी एक निराळीच सोय केली. त्यांनी पत्र्याचे मोठे शंकू उभारले.

हे शंकू दुरून अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या तंबूसारखे दिसत, म्हणून त्यांना तंबूवरूनच ‘विगवॅम’ भट्टी हे नाव पडले. वर जाळीचा घुमट. सरकत्या पट्ट्यावरून भुसा आणि साल वर नेऊन शंकूच्या आत टाकली जाई आणि आत रात्रंदिवस आग धुमसत असे. या आगीवर काहीही तापवले जात नव्हते. भट्टीचे काम एकच, कचरा नाहीसा करणे. लाकूड ओले, हवा नीट न मिळणारी, त्यामुळे ज्वलन अपुरे होई आणि दाट धूर निघे. रात्री जाळीतून ठिणग्या उडताना दिसत. नदीकाठच्या अरुंद खोऱ्यांत, विशेषतः हिवाळ्यात थंड हवा तळाशी बसली की हा धूर दिवसेन्‌दिवस हलत नसे.

म्हणजे एकाच खोऱ्यात एकीकडे घरे उबदार ठेवायला लोक तेल विकत घेत होते आणि दुसरीकडे हजारो टन लाकूड केवळ जागा मोकळी व्हावी म्हणून जाळले जात होते. यात कोणी मूर्ख होते असे मला वाटत नाही. तेल आणि जलविद्युत दोन्ही स्वस्त होती, आणि भुसा दहा-वीस मैल वाहून न्यायचा तर भाडे त्याच्या किमतीपेक्षा जास्त पडत होते. काही अपवादही होते. ओरेगनमधील यूजीन या गावच्या सार्वजनिक वीजमंडळाने १९३० च्या दशकातच आपल्या वाफेच्या वीजघरात गिरण्यांचा कचरा जाळायला घेतला होता. त्याच वीजघराची वाफ नळांतून गावाच्या मध्यभागातील इमारतींना ऊब देत असे, आणि ही सोय २०१२ पर्यंत टिकली.

पुढे कचऱ्यातला चांगला भाग एकेकाने उचलायला सुरुवात केली. कडेच्या तुकड्यांच्या ढलप्या करून कागदाच्या गिरण्या त्या नेऊ लागल्या. रंध्याचा भुगा आणि भुसा डिंकासारख्या रसायनात कालवून, दाबून त्याचे तक्ते होऊ लागले. आज आपल्याकडे स्वस्त कपाटांत वापरतात तेच हे ‘भुशाचे बोर्ड’. उरली ती साल. तिला मात्र गिऱ्हाईक मिळेना. वाळू-माती चिकटलेली, ओली, कागदाला निरुपयोगी. विगवॅम भट्ट्यांत शेवटी जळत होती ती बव्हंशी हीच.

धबधबा नसलेले केटल फॉल्स

१९७० साली अमेरिकेत हवा स्वच्छ राखण्याचा कडक कायदा झाला. राज्यांनीही आपापले नियम केले आणि विगवॅम भट्ट्या एकामागून एक बंद होऊ लागल्या. गिरणीवाल्यांपुढे प्रश्न उभा राहिला, आता सालीचे करायचे काय? पुरायची तर जमीन लागते, आणि पुरलेली साल कुजून तिचे काळे पाणी ओढ्यांत उतरते. तेवढ्यात १९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या, १९७९ मध्ये पुन्हा भडकल्या. जे जाळायला बंदी झाली होती, तेच जाळण्याचा अर्थ आता बदलला.

वॉशिंग्टन राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, कोलंबिया नदीच्या काठी केटल फॉल्स नावाचे छोटे गाव आहे. नावात धबधबा असला तरी धबधबा तेथे नाही. पूर्वी होता. पाण्याच्या माऱ्याने खडकात देगडीच्या आकाराचे खळगे पडले होते, त्यावरून हे नाव पडले. समुद्रातून उलट्या दिशेने पोहत येणारे सामन मासे येथे झेप घेत आणि कोलव्हिल व आसपासच्या इतर जमातींचे लोक हजारो वर्षे येथे मासेमारीसाठी जमत. खाली ग्रँड कूली धरण बांधले गेले. १९४० च्या जून महिन्यात या जमातींनी धबधब्याचा निरोप घेण्यासाठी जो मेळावा भरवला, तो ‘अश्रूंचा सोहळा’ म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे. त्यानंतर धबधबा जलाशयाखाली गेला. धरणाला मासे चढण्याची पायवाट ठेवलेली नव्हती, त्यामुळे वरच्या नदीतून सामन कायमचा गेला. जुने गावही बुडाले आणि लोक वर सरकले. स्वस्त आणि ‘स्वच्छ’ जलविद्युत कोणाच्या तरी खात्यावर खर्ची पडत असते, हे या गावाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

याच गावाजवळ ‘वॉशिंग्टन वॉटर पॉवर’ या कंपनीने लाकडाच्या कचऱ्यावर चालणारे वीजघर बांधले आणि १९८३ साली ते सुरू केले. नावाप्रमाणेच ही पाण्याची वीज बनवणारी कंपनी. (१९९९ पासून तिचे नाव ‘अव्हिस्टा’ झाले.) केवळ वीज विकण्यासाठी, आणि तीही फक्त लाकडाच्या कचऱ्यापासून, एखाद्या वीजकंपनीने उभारलेले अमेरिकेतील हे अशा प्रकारचे पहिले वीजघर मानले जाते. क्षमता ५० मेगावॅटच्या आसपास.

यातली खरी युक्ती यंत्रात नव्हती. तशी भट्टी, तसा बॉयलर, तशी टर्बाइन कागदाच्या गिरण्यांत आधीपासून होती. युक्ती होती ती एकत्र करण्यात. एकेका गिरणीचा कचरा वीजघर चालवायला अपुरा होता आणि फेकायला फार होता. परिसरातील अनेक गिरण्यांचा कचरा एका जागी आणला की हिशेब जमतो. मालमोटारी भरून येतात, एका प्रचंड फलाटावर उभ्या राहतात आणि फलाट मालमोटारीसकट तिरका उचलला जातो. मागचे दार उघडून सगळा माल खाली ओतला जातो. विद्यार्थ्यांना हे चित्र फार आवडते असा माझा अनुभव आहे.

हा माल दात असलेल्या दणकट यंत्रात भरडून एकसारख्या तुकड्यांचा केला जातो आणि भट्टीत फेकला जातो. भट्टीच्या तळाशी लोखंडी जाळीचा हळूहळू सरकणारा पट्टा असतो. हलके कण हवेतच पेट घेतात, जड तुकडे पट्ट्यावर पडून जळतात, आणि पट्टा पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत त्यांची राख झालेली असते. भट्टीच्या भिंती म्हणजे पाण्याने भरलेल्या नळ्यांच्या रांगा. पुढचे सगळे कोळशाच्या वीजघरासारखेच. विगवॅम भट्टी आणि ही भट्टी यांत फरक काय, असे विचाराल तर तो हवेचा आहे. येथे हवा पंख्याने, मोजून, खालून आणि वरूनही दिली जाते. आजोळच्या शेगडीतील तो वळणदार बोगदा हेच काम करत होता. धुरातील राखेचे कण विद्युतभारित पत्र्यांवर पकडले जातात. तीच साल, तीच खोरी, पण धुराची दुलई विरली.

फळ्यावरचा हिशेब

५० मेगावॅटच्या वीजघराला तासाला किती लाकूड लागेल? नववी-दहावीच्या वर्गात हा हिशेब सहज होतो. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एक किलोतून सुमारे १९ ते २० मेगाज्यूल उष्णता मिळते. पण ताजे लाकूड निम्मे पाणीच असते. म्हणजे ओल्या लाकडाचे साधारण १० मेगाज्यूल धरू. वीजघराची कार्यक्षमता २५ टक्के धरू. ५० मेगावॅट वीज हवी तर भट्टीत २०० मेगावॅट उष्णता निर्माण व्हायला हवी, म्हणजे दर सेकंदाला २०० मेगाज्यूल. त्यासाठी दर सेकंदाला २० किलो लाकूड, तासाला ७२ टन. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथील ५० मेगावॅटचे वीजघर पूर्ण भाराने चालताना तासाला सुमारे ७० टन ढलप्या खाते. आपला फळ्यावरचा आकडा फारसा चुकलेला नाही.

आता याच हिशेबाकडे जरा टोचून पाहा. ७२ टनांतले ३६ टन पाणी आहे. दर तासाला ३६ टन पाण्याची वाफ करून ती धुराड्यातून सोडून द्यायची! त्यात खर्च झालेली उष्णता परत मिळत नाही. कोळशाच्या चांगल्या वीजघराची कार्यक्षमता ३५ ते ४० टक्के असताना लाकडाची पंचविशीत का अडकते, याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण आकाराचे. लाकूड विखुरलेले असते. वीजघराची क्षमता चौपट करायची तर इंधन चौपट क्षेत्रातून गोळा करावे लागते, म्हणजे वाहतुकीची त्रिज्या दुप्पट होते. त्यामुळे लाकडाचे वीजघर लहानच राहते, आणि लहान टर्बाइन मोठ्या टर्बाइनइतकी काटकसरी नसते. हिशेबातून हेही दिसते की चारांतले तीन भाग उष्णता वाया जाते. यूजीनमध्ये ती घरांना देत होते. बर्लिंग्टनमध्येही अशी योजना अनेकदा मांडली गेली. पण वीजघर आणि इमारती यांच्यामध्ये नळ टाकण्याचा खर्च कोणी करायचा, यावर ती पुन्हा पुन्हा अडली.

डोंगरावर परतलेले जंगल

बर्लिंग्टनची गोष्ट केटल फॉल्सहून वेगळी आहे. हे शँप्लेन सरोवराकाठचे शहर, देशाच्या दुसऱ्या टोकाला. गावाचे वीजमंडळ गावाच्याच मालकीचे. सरोवराच्या काठावर त्यांचे १९५० च्या दशकात बांधलेले कोळशाचे वीजघर होते. तेल आणि कोळसा दोन्ही बाहेरून आणावा लागे. १९७७ च्या सुमारास त्यांनी या जुन्या वीजघरातील एका बॉयलरमध्ये लाकडाच्या ढलप्या जाळून पाहिल्या. जमले. १९७८ साली नागरिकांनी नव्या वीजघरासाठी कर्ज काढायला मतदानाने मंजुरी दिली आणि जून १९८४ मध्ये मॅकनील वीजघर सुरू झाले. त्या वेळी शहराचे महापौर होते बर्नी सँडर्स, जे पुढे देशाच्या राजकारणात गाजले.

व्हरमाँटमध्ये प्रचंड गिरण्या नव्हत्या. मग इंधन कुठले? त्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेरिनो मेंढ्यांच्या लोकरीसाठी या राज्यातील बहुतेक डोंगर तोडून उघडे केले गेले. नंतर लोकरीचा धंदा बसला, शेतकरी पश्चिमेकडे गेले आणि जंगल आपोआप परतले. आज राज्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भूमीवर झाडी आहे. पण परतलेले जंगल दाटीवाटीचे होते. चांगली सरळ झाडे लोकांनी वेळोवेळी नेली आणि वाकडी, पोखरलेली मागे राहिली. वनशास्त्रज्ञांचे म्हणणे होते की विरळणी केली तर उरलेली झाडे चांगली वाढतील. पण विरळणीत निघालेल्या वेड्यावाकड्या लाकडाला भाव नसल्याने ती कोणी करत नाही. वीजघराने तो भाव दिला. तोडीनंतर उरलेल्या फांद्या, शेंडे आणि नाकारलेली झाडे जागेवरच यंत्रात घालून त्यांच्या ढलप्या करतात.

नागरिकांनी अटीही घातल्या. शहरातून रोज मालमोटारींची वर्दळ नको, म्हणून सुमारे तीन चतुर्थांश ढलप्या उत्तरेकडे ५५ किलोमीटरवर असलेल्या स्वाँटन येथे गोळा करून तेथून आगगाडीने आणायच्या. त्याने खर्च वाढला तरी चालेल. वीजमंडळाने स्वतःचे वनतज्ज्ञ नेमले, आणि ज्या जंगलातून ढलप्या यायच्या त्या तोडीची पाहणी त्यांनी करायची. गावातील लोकांनी छाटलेल्या फांद्या आणून टाकायलाही आवारात जागा ठेवली आहे. राख शेतजमिनीची आम्लता कमी करायला जाते.

ढलप्यांचा ढीग मात्र साधा नसतो. ओल्या लाकडाच्या ढिगात सूक्ष्मजीव वाढतात, त्यांच्या श्वसनाने ढीग आतून तापतो, पुढे रासायनिक ऑक्सिडीकरण सुरू होते आणि उंच ढीग दीर्घकाळ तसाच ठेवला तर तो आपोआप पेटूही शकतो. आपल्याकडे ओल्या गवताची गंजी रचली तर शेतकरी आत हात घालून पाहतो, तो याचसाठी. म्हणून आधी आलेले आधी जाळायचे, ढीग फार उंच होऊ द्यायचा नाही आणि बुलडोझरने हलवत राहायचे. शाळेच्या आवारात पालापाचोळ्याचा ओलसर ढीग करून त्यात रोज तापमापी खुपसण्याचा प्रयोग अवश्य करावा. आठवड्यात आकडे पाहून मुले चकित होतात.

वीजघर सुरू होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, १९८६ मध्ये तेलाच्या किमती कोसळल्या. महाग लाकडापेक्षा बाहेरची वीज स्वस्त पडू लागली. १९८९ मध्ये भट्टीला नैसर्गिक वायूचे बर्नर जोडण्यात आले. लाकूड परवडेना तर वायू. १९९० च्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारच्या ऊर्जा खात्याच्या मदतीने येथेच एक मोठा प्रयोग झाला. लाकूड सरळ न जाळता तापलेल्या वाळूत मिसळायचे. हवा नसल्याने ते जळत नाही, त्याचे विघटन होऊन ज्वलनशील वायू निघतो. उरलेला कोळसा आणि थंडावलेली वाळू दुसऱ्या पात्रात नेऊन तेथे कोळसा जाळायचा आणि त्या उष्णतेने तापलेली वाळू पुन्हा पहिल्या पात्रात आणायची. कल्पना फार देखणी होती. वायू गॅस टर्बाइनला दिला असता तर कार्यक्षमता बरीच वाढली असती. वायू निघाला, तो बॉयलरमध्ये जळलाही. पण टर्बाइनपर्यंत मजल गेली नाही, आणि २००१ च्या सुमारास पैसा थांबला तसा प्रयोगही थांबला. अशा प्रयोगांची नोंद पाठ्यपुस्तकांत येत नाही. ती यायला हवी असे मला वाटते.

नाहीतर काय झाले असते?

२०१४ साली शहराने एक जलविद्युत केंद्र विकत घेतले आणि आपली सगळी वीज आता पुनर्निर्मितिक्षम स्रोतांतून येते असे जाहीर केले. तिच्यात मॅकनीलचा वाटा मोठा आहे. लाकूड जळताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड नवे झाड वाढताना पुन्हा शोषून घेते, म्हणून हिशेब शून्य, असे आपणही वर्गात शिकवत आलो. मीही शिकवले आहे.

या शून्यावर आता प्रश्नचिन्ह आहे. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात टिमोथी सर्चिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की जैवइंधनाचा धूर सरसकट शून्य धरण्यात जमाखर्चाची चूक आहे. पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यासाठी मॅनोमेट या संस्थेने तेथील जंगलांचा अभ्यास केला. एका युनिट विजेमागे लाकडातून कोळशापेक्षाही जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण लाकूड ओले आणि कार्यक्षमता कमी. म्हणजे सुरुवातीला आपण हवेचे कर्ज काढतो आणि जंगल ते हळूहळू फेडते. उभ्या जंगलातून लाकूड काढून कोळशाऐवजी वीज केली तर कर्ज फिटायला वीस-एकवीस वर्षे, आणि नैसर्गिक वायूऐवजी केली तर नव्वदपेक्षा जास्त, असा त्यांचा अंदाज निघाला.

मग केटल फॉल्सचे काय? तेथील साल वीजघरात गेली नसती तर विगवॅम भट्टीत जळली असती, किंवा पुरून कुजली असती. तिच्यातला कार्बन तसाही हवेत जाणारच होता. तेथे कर्ज जवळजवळ नाहीच. बर्लिंग्टनच्या ढलप्यांत तोडीनंतरच्या फांद्या आहेत. त्या जंगलात पडून दहा-वीस वर्षांत कुजल्या असत्या, म्हणून थोडे कर्ज. आणि त्यात काही आख्खी झाडेही आहेत, जी कदाचित आणखी पन्नास वर्षे उभी राहून कार्बन साठवत गेली असती. तेथे कर्ज मोठे. भट्टीत तिन्ही लाकडांची ज्योत सारखीच दिसते. धुराड्यावर बसवलेल्या कोणत्याही उपकरणाला हा फरक मोजता येणार नाही. ‘नाहीतर काय झाले असते?’ हा प्रश्न त्या लाकडाच्या इतिहासाला विचारावा लागतो. बर्लिंग्टनमध्ये या प्रश्नावर नागरिकांत आजही वाद आहे, आणि दोन्ही बाजूंना पर्यावरणाची कळकळ असलेलीच माणसे आहेत.

वीजघर एकदा बांधले की ते चाळीस-पन्नास वर्षे भूक घेऊन उभे असते. २००८ मध्ये अमेरिकेतील घरबांधणी कोसळली, फळ्यांची मागणी आटली आणि गिरण्यांबरोबर त्यांचा भुसाही आटला. कचऱ्यावर जगणाऱ्याला कचरा कमी झाल्याचा आनंद होत नाही! इंग्लंडमधील ड्रॅक्स या अवाढव्य कोळशाच्या वीजघराने २०१३ पासून आपले संच लाकडाच्या दाबलेल्या गोळ्यांवर वळवले. त्यांतल्या बऱ्याचशा गोळ्या अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेतून येतात. एवढ्या भुकेला भुसा पुरत नाही, ओंडकेही लागतात. तेव्हा कचरा हा शब्द कुठपर्यंत ताणायचा?

आपल्याकडे याचे सर्वात जवळचे उदाहरण लाकडाचे नसून उसाचे आहे. साखर कारखान्यात उसाचा रस काढल्यावर उरणारे चिपाड, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळून कारखाना चालतो. जुन्या काळी हे बॉयलर कमी दाबाचे असत, आणि त्यांची उधळपट्टी कोणाला खटकत नसे, कारण चिपाड काटकसरीने जाळले तर उरलेल्या ढिगाचे करायचे काय? विगवॅम भट्टीचाच हा सुधारलेला अवतार म्हणायचा. वीज विकत घेतली जाऊ लागल्यावर १९९० च्या दशकापासून उच्च दाबाचे बॉयलर आले आणि त्याच चिपाडातून कारखान्याची गरज भागून वर वीज विकता येऊ लागली. महाराष्ट्रातील अनेक कारखान्यांत हे पाहायला मिळते आणि शाळेच्या सहलीला परवानगीही बहुधा मिळते. पंजाबात जालखेडी येथे भाताच्या पेंढ्यावर चालणारे १० मेगावॅटचे वीजघर १९९२ मध्ये उभे राहिले. त्याला मात्र इंधन गोळा करण्यापासून ते भट्टीत घालण्यापर्यंत अडचणीच अडचणी आल्या. चिपाड कारखान्याच्या दारात आपोआप येऊन पडते, पेंढा शेताशेतातून उचलावा लागतो. केटल फॉल्स आणि बर्लिंग्टन यांच्यातला फरक येथे निराळ्या रूपात पुन्हा भेटतो.

गेल्या मे महिन्यात आजोळी गेलो होतो तेव्हा त्या वखारीत डोकावलो. आता तेथे मालकाचा नातू बसतो. भुशाचा ढीग कुठेच दिसला नाही. रोजचा भुसा रोज पोत्यांत भरून ठेवतात आणि आठवड्यातून दोनदा टेम्पो येऊन घेऊन जातो. तो दाबून त्याच्या कांड्या करतात आणि त्या ‘पांढरा कोळसा’ या नावाने कारखान्यांच्या बॉयलरला जातात. मी एक पोते मागून पाहिले. मुलांना शेगडी पेटवून दाखवायची होती. नातू म्हणाला, “सर, महिन्याचा सगळा माल आधीच ठरलेला असतो. तुमच्यासाठी थोडा काढून ठेवतो, पण भाव तोच पडेल.”